ओट्याखालची विहीर

बाजाराचं रूप बदलणार म्हणून सभा झाली, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढे होते. चौकाजवळच्या धर्मशाळेत सगळ्या दुकानदारांना बोलावलं होतं. भिंतीवर पडदा लावून चित्रं दाखवली. आमचाच जुना बाजार, पण पटकन ओळखू न येणारा. लोंबणाऱ्या तारा नाहीत, उघडी गटारं नाहीत, सगळ्या दुकानांवर एकसारख्या पाट्या, खाली लाल-करडे ब्लॉक, मधून मधून बाकं आणि दिवे. गाड्या आत येणार नाहीत, लोक पायी हिंडतील. जे गिऱ्हाईक मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या दुकानांकडे वळलंय ते पुन्हा इकडे येईल, असं कामावरच्या इंजिनीअर मॅडमनी समजावून सांगितलं. त्या तरुण होत्या, माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. साधं हिंदी बोलायच्या, आणि कुणी मध्येच काही विचारलं तर थांबून पूर्ण ऐकून घ्यायच्या.

मला खरंच बरं वाटलं होतं. बुऱ्हाणपूरच्या या बाजारात माझं साड्यांना फॉल-पिको करायचं आणि ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली आणि पुढे ओटा. आधी तिथे माझे वडील शिलाई मशीन दुरुस्त करायचे. भाऊ अमेरिकेत गेला, वडील वारले, आणि दुकानाला कुलूप लावणं जिवावर आलं म्हणून मी बसायला लागले. मी बसायला लागले तेव्हा गल्लीत चालायला जागा नसायची. आता दिवेलागणीलाच अर्ध्या दुकानांची शटरं खाली येतात. समोरचा टोपीवाला गेला, कोपऱ्यावरचा बुकबाइंडर गेला. त्यांच्या शटरांवर आता कोचिंग क्लासच्या जाहिराती चिकटवलेल्या आहेत. त्यामुळे कुणीतरी आपल्या गल्लीकडे बघतंय, इतक्यानेही मी खूश झाले होते.

टाळ्या थांबल्यावर मॅडम म्हणाल्या, "ओट्यांचा पुढचा भाग थोडा कापावा लागेल. एकाचा नाही, सगळ्यांचाच. मग खाली नाली आणि केबल, वर गिट्टी, आणि मग रोलर. नंतर ब्लॉक बसतील."

माझे हात मांडीवर होते तिथेच राहिले.

आमच्या ओट्याखाली विहीर आहे. त्या सभेत बसलेल्या शंभरेक माणसांत हे फक्त मला माहीत होतं.

मी नऊ-दहा वर्षांची असताना ओट्यावरची एक फरशी तडकली होती. वडिलांनी गवंड्याला बोलावलं नाही. बाजार बंद असतो त्या दिवशी सकाळी ते स्वतःच सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन बसले आणि मला सिमेंट कालवायला बरोबर नेलं. फरशीखाली माती असेल असं मला वाटलं होतं. माती होती, पण चार बोटंच. तिच्याखाली जाड फळ्या होत्या, आणि दोन फळ्यांच्या फटीतून गार हवा वर येत होती. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. मी तोंड जवळ नेलं तर ओल्या चुन्यासारखा वास आला. वडिलांनी एक खडा उचलून फटीतून आत सोडला. मी ऐकत राहिले. काहीच आवाज येईना. खडा मध्येच कुठे अडकला असेल असं मला वाटलं, आणि मी तोंड वळवणार तेवढ्यात खालून डुबुक झालं. फार खालून.

"तुझ्या आजोबांनी दुकान घेतलं तेव्हा ही उघडीच होती," वडील म्हणाले. "नळ आले, मग कोणी पाणी काढेना. त्यांनी फळ्या टाकल्या आणि वरून ओटा बांधला."

"फळ्या मोडल्या तर?"

"सागाच्या आहेत." एवढं बोलून ते फरशी बसवू लागले. मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे कोणाला सांगू नको. सांगितलं तर दुकानात माणूस येणार नाही."

मी कोणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मी त्या जागेवर कधी पाय दिला नाही. पायरीवरून थेट उंबऱ्यावर टांग टाकायची, हीच माझी सवय झाली. मोठी झाले, लग्न झालं, मुलगी झाली, दुकान माझ्या हातात आलं, तरी साडी सावरून मी तशीच टांग टाकायचे. बघणाऱ्याला वाटे, बाईला घाई आहे.

तो ओटा आमच्या एकट्याचा नव्हता. शेजारी बांगड्यांचं दुकान होतं, आणि दोन्ही दुकानांना मिळून एकच लांब ओटा. बांगड्यांच्या दुकानातल्या बाईंना माझे वडील भाभी म्हणायचे, म्हणून वयाचं अंतर असूनही मीही भाभीच म्हणते. भाभी आता सत्तरीकडे आल्या. त्यांचं दुकान आतून अंधारं, म्हणून त्यांची बैठक ओट्यावर. सकाळी दहाला त्या पोत्यावर गादी टाकून बसायच्या ते संध्याकाळपर्यंत. बायकांचे हात हातात धरून बांगड्या चढवायच्या. बसायच्या बरोबर तिथे, दोन्ही दुकानांच्या मधोमध, जिथे वडिलांनी खडा टाकला होता.

ही गोष्ट मला आधी कधी खुपली नाही असं म्हटलं तर खोटं होईल. सुरुवातीला मी एक-दोनदा म्हणून पाहिलं, "भाभी, जरा इकडे सरकून बसा ना, तिकडे ऊन येतं." त्या म्हणाल्या, "अगं, उजेड इथेच चांगला आहे." मग मी तो विषय सोडला. रोजच्या गोष्टीची भीती रोज वाटत नाही. सभेनंतर मात्र ती रोज वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी नवऱ्याला सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण विहिरीबद्दल मी त्यांनाही सांगितलं नव्हतं. ते शाळेत शिकवतात, स्वभावाने सावध. कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "आणखी कोणाला माहीत आहे?"

"भावाला असेल. नसेलही."

"मग राहू दे. तू सांगितलंस की ते लोक पहिलं काम काय करतील? कुलूप. तुझ्या दुकानाला, भाभींच्या, आणि वर राहणाऱ्यांना खाली उतरवतील. जुनी इमारत, धोकादायक, अशी एकदा पाटी लागली की संपलं. पाडायलाच घेतील."

"आणि नाही सांगितलं तर? रोलर वरून गेला तर?"

"रोलर रस्त्यावरून जाणार. ओट्यावरून थोडाच जाणार आहे?"

"अहो, ओटा कापल्यावर तो रस्ताच होणार ना."

ते घड्याळाकडे बघत उठले. शाळेची वेळ झाली होती. दारातून निघताना मात्र वळून म्हणाले, "इतकी वर्षं काही झालं नाही. घाई करू नको."

मी घाई केली नाही. हेच माझं चुकलं, असं आज म्हणता येतं. तेव्हा ते शहाणपण वाटलं.

काम गल्लीच्या वरच्या टोकापासून सुरू झालं. पहिल्या दिवशी जेसीबीचा आवाज लांबून, कुणीतरी जड कपाट ओढावं तसा आला. आठवड्याभरात तो आमच्या दुकानापासून जरा वरच्या बांबूवाल्यापर्यंत पोहोचला. मग मला आवाजाआधी थरथर कळायला लागली. माझ्या टेबलावर पत्र्याच्या डबीत टाचण्या असतात. त्या किणकिण वाजायच्या. बोटात सुई धरून मी ऐकत बसायची. टाचण्या थांबल्या की श्वास सोडायची. शिवण वाकडी जाऊ लागली. एका नवरीच्या ब्लाउजची बाही मी उलटी जोडली. तिच्या आईने दाखवली तेव्हा मी चूक कबूल करायच्या ऐवजी तिच्यावरच खेकसले, आणि ती बाई कापड उचलून निघून गेली.

मी दोन्ही मशीनं ओढून मागच्या भिंतीला लावली. भाभींनी विचारलं, "काय गं, दुकान उलटं का केलंस?" मी म्हटलं, धूळ येते. मग धीर करून म्हटलं, "तुम्हीपण आत बसा ना थोडे दिवस. ही धूळ तुमच्या छातीला बरी नाही."

"आत बसले तर बाईला हिरवा कोणता आणि मोरपंखी कोणता ते दिसणार कसं?" त्या हसल्या. "तू फार काळजी करतेस, बेटी."

त्यांनी बेटी म्हटलं की मी उगाच सुईत दोरा ओवायला घ्यायची.

रोज सकाळी आल्यावर मी आधी ओटा बघायची. खाली वाकून, पायरीवर बसून, फरश्यांच्या सांध्यांकडे. एका सांध्यात केसाएवढी भेग दिसली. ती आधी होती की नवी, मला आठवेना. मी तिच्यावर खडूने दोन्ही बाजूंना खूण केली. तीन दिवसांनी खूण जरा सरकल्यासारखी वाटली. मग वाटलं, लोकांच्या पायांनी खडू पुसला असेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटायच्या.

त्याच सुमारास, सुटीच्या सकाळी, अमेरिकेतून भावाचा व्हिडिओ कॉल आला. तो तिकडे एका मध्यम शहरात राहतो. मी बाजाराचं सांगितलं तर तो उत्साहाने बोलू लागला. त्यांच्या शहराचा जुना बाजारही असाच ओस पडला होता, दुकानांच्या काचा फुटलेल्या, संध्याकाळी तिकडून जायला लोक भ्यायचे. मग त्यांनी तिथे झाडं लावली, रस्ते चालणाऱ्यांसाठी केले, रिकाम्या गोदामांत घरं केली.

"आता शनिवारी गाडी लावायला जागा मिळत नाही, ताई. फार सुंदर झालंय."

"आणि जुने दुकानदार?"

तो म्हणाला, "मी चप्पल-बूट दुरुस्त करायला एका म्हाताऱ्याकडे जायचो, तो आता नाही तिथे. कुठे गेला माहीत नाही. तिथे आता कॉफी मिळते." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "पण तुझं दुकान तर आपलंच आहे ना. तुला काय भीती?"

मी विचारलं, "ओट्याखालचं तुला आठवतं?"

"काय?"

त्याला माहीत नव्हतं. वडिलांनी फक्त मला सांगितलं होतं. हे कळल्यावर मला एकदम फार एकटं वाटलं. मी त्याला सगळं सांगितलं. स्क्रीनवर त्याचा चेहरा बदलत गेलेला दिसला. "ताई, तू वेडी आहेस का?" तो म्हणाला. "आजच्या आज सांग. त्यावर माणसं उभी राहतात." हे त्याने इतक्या लांबून, स्वच्छ स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं, म्हणून मला राग आला. नेटवर्क जातंय असं म्हणून मी फोन ठेवला.

त्याचं बरोबर होतं, हे मलाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी उठून कामाच्या ऑफिसकडे गेलेही. चौकात पत्र्याची एक खोली होती, तिथे मॅडम बसायच्या. दारापर्यंत गेले. आत त्या कोणाशी तरी एका पडक्या घराबद्दल बोलत होत्या, "ते पूर्ण रिकामं करावं लागेल, दुसरा रस्ता नाही." मी तिथूनच मागे फिरले. वाटेत कोथिंबीर घेतली, जणू त्यासाठीच बाहेर पडले होते.

कामावर धूळकोटकडच्या गावांतली माणसं होती, नवरा-बायको जोडीने यायची. त्यांच्यातली एक बाई, विशीतली असेल, गिट्टीच्या टोपल्या उचलायची. तिच्याबरोबर दीड-दोन वर्षांची मुलगी होती. काम आमच्या दुकानाच्या दहा पावलं अलीकडे आलं त्या दिवशी दुपारी मी आत जेवत होते. भाभी घरी जेवायला गेल्या होत्या. मला बाहेरून लुगड्याची सळसळ ऐकू आली. डोकावून बघते तर त्या बाईने भाभींच्या गादीशेजारी, फरशीवर, फडकं अंथरून मुलीला झोपवलं होतं. मुलगी पालथी, एक हात डोक्याखाली. झोपलेली.

"इथे नको," मी म्हणाले.

ती घाबरली. "बाई, सावली इथेच आहे. थोड्या वेळाने उचलते," असं तिच्या हिंदीत म्हणाली.

"इथे नको. आत घे. माझ्या दुकानात घे."

तिला वाटलं मी रागावले. तिने मुलीला खांद्यावर टाकलं आणि समोर उन्हात, रेतीच्या ढिगाआड जाऊन बसली. मी तिला हाका मारल्या, ती आली नाही. मला ओट्यावर पाय देऊन तिच्यामागे जायचं होतं, पण माझा पाय उंबऱ्यावरून खाली उतरेना. मी उंबऱ्यात उभी आणि ती पोर उन्हात. घास हातातच वाळला.

तेवढ्यात जेवणाची सुट्टी संपली आणि जेसीबी सुरू झाला. चालकाने यंत्र आमच्या दुकानासमोर आणून उभं केलं. यंत्राचा दातेरी पंजा वर गेला. आत टाचण्या वाजत नव्हत्या, डबीच टेबलावर सरकत होती. ती पडली आणि टाचण्या सगळ्या फरशीवर उधळल्या. मी ओरडले. काय ओरडले ते मला नीट आठवत नाही. "खाली विहीर आहे" असंच असणार, कारण पुढची हाक मला दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडून ऐकू आली, "कुआँ है, कुआँ है, बंद करो!"

यंत्र थांबलं. इतकी शांतता झाली की चौकातल्या फळवाल्याचा आवाज ऐकू आला.

मॅडम धावत आल्या. "कशावरून म्हणता?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही, पण ओठ सुकले होते.

"मी पाहिली आहे. लहानपणी."

"कुठे?"

मी बोट दाखवलं. भाभींच्या गादीकडे. तोवर भाभी परत आल्या होत्या. गर्दीतून वाट काढत पुढे येत होत्या, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी. माझं बोट आणि आपली गादी, दोन्हीकडे त्यांनी आळीपाळीने बघितलं.

मॅडमनी सगळ्यांना मागे हटवलं. दोरी बांधली. एका मजुराच्या कमरेला दोर बांधून, दोर चार जणांनी धरून, त्याला सब्बल घेऊन पालथं झोपवून ओट्यावर पुढे सरकवलं. त्याने गादी ओढून बाजूला केली आणि फरशी उचकटली. मग दुसरी. माती खरडली. सब्बलने फळीला नुसतं टेकवल्यासारखं केलं तर सब्बल निम्मी आत गेली. त्याने घाबरून हात काढला. सब्बल सुटली. सगळी गल्ली ऐकत होती. पडण्याचा आवाज यायला वेळ लागला, आणि त्या वेळात कोणी खोकलंसुद्धा नाही.

नंतर जे तुकडे वर काढले ते मी हातात घेऊन पाहिले. वरून लाकूड, आतून वाळवीने खाल्लेला भुगा. बिस्किट मोडावं तसा बोटांत मोडत होता. एक फळी मात्र अजून धड होती. इतकी वर्षं सगळं त्या एका फळीवर होतं.

भाभी आमच्या पायरीवर बसल्या, मग उठून समोरच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसल्या. मी त्यांच्याजवळ गेले. मी म्हणाले, "भाभी, मला वाटलं..."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"लहानपणापासून."

त्यांनी हातातल्या पिशवीचे बंद घट्ट केले. "माझी नातवंडं तिथे रांगायला शिकली," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी रडले असते, पाय धरले असते. त्यांनी फक्त सांगितलं आणि घरी निघून गेल्या.

नवऱ्याने सांगितलं होतं तसंच झालं. आमच्या ओळीतल्या चार दुकानांना कुलूप लागलं, वरची दोन कुटुंबं नातेवाइकांकडे गेली. तपासणी होईपर्यंत कोणी आत जायचं नाही. गल्लीत लोक माझ्याबद्दल दोन तऱ्हेने बोलत होते. काही म्हणायचे, इतकी वर्षं लपवून ठेवलं, काळीज आहे की दगड. काही म्हणायचे, चार दिवस गप्प बसली असती तर काम होऊन गेलं असतं, आता सगळ्यांचीच दुकानं अडकवली. दोन्ही मंडळी मला बघून गप्प व्हायची. कुलूप लागण्याआधी बाहेर काढलेलं एक मशीन घरी आणून मी ओसरीत काम सुरू केलं, पण लोकांना नवीन कॉलनीतलं माझं घर शोधायचा कंटाळा. रोज एखाददुसरी साडी.

आणि भीती गेली नव्हती. मला वाटायचं, सांगून टाकलं की छाती हलकी होईल. उलट आता मला घरच्या फरशीचीही भीती वाटू लागली. न्हाणीघरात पाय टाकताना मी आधी टाचेने ठोकून बघायची. मुलगी पुण्याहून आली होती, तिने एकदा बघितलं. तिने हसण्यावारी नेलं नाही. माझा हात धरून तीही माझ्याबरोबर ठोकू लागली. "भरीव आहे, आई," ती म्हणाली. पुढच्या फरशीवर पुन्हा, "ही पण भरीव आहे." असं आम्ही अख्खं घर ठोकलं.

तीन महिन्यांनी मॅडमनी बोलावलं. विहिरीची बांधणी वीट-चुन्याची, अजून मजबूत निघाली. पाणीही होतं. इमारतीच्या पायाला धोका नाही, पाडायची गरज नाही असं तपासणीत ठरलं. विहीर दगड आणि मुरुमाने तळापासून भरून घेतली, वर काँक्रीटचा जाड थर. भरायचं काम चालू असताना मी रोज जाऊन उभी राहायची. गाडीमागून गाडी मुरूम आत जायचा, तरी ती भरत नव्हती. मला वाटायचं ही भरणारच नाही. शेवटी एका दुपारी मुरूम काठाला लागला. मॅडम स्वतः त्यावर उभ्या राहिल्या, मग मला म्हणाल्या, "आइए."

मी गेले. चाळीस वर्षांनी त्या जागेवर पाय ठेवला. टाचेने ठोकून बघितलं. मॅडमनी ते पाहिलं, आणि मी उतरेपर्यंत त्या माझ्या बाजूला नुसत्या उभ्या राहिल्या.

आता बाजार जवळजवळ पूर्ण झाला आहे. तारा गेल्या, दिवे लागले. सुटीच्या संध्याकाळी तरुण पोरं-पोरी येऊन फोटो काढतात. समोरचं टोपीवाल्याचं शटर उघडलंय, आत मोमोज मिळतात. माझ्या दुकानाकडे दोन माणसं विचारायला आली, विकायचंय का म्हणून. मी नाही म्हटलं. ते पुन्हा येऊ म्हणाले. ते पुन्हा येतील, आणि किती वेळा नाही म्हणता येईल, ही एक नवी धास्ती आहे. गिऱ्हाईक निम्मं परत आलंय. भाभीही परत आल्या, पण आता त्या आत, ट्यूबलाइटखाली बसतात. पहिले दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एके दिवशी एका गिऱ्हाईक बाईला म्हणाल्या, "पिको तिच्याकडेच कर, हात सफाईदार आहे." माझ्याकडे बघितलं नाही, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या. त्याच्या पुढे अजून गेलेलं नाही. मी त्यांच्यावर जोर करत नाही.

गेल्या आठवड्यात मात्र एक गोष्ट घडली. गल्लीच्या खालच्या टोकाला, जिथे काम अजून पोहोचायचं आहे, तिथे एक दराब्याचं दुकान आहे. रवा आणि तूप घोटून करतात ती आमच्याकडची मिठाई. दुकानाचे मालक साठीचे, बोलायला तिखट. मी सगळ्यांची दुकानं अडकवली असं म्हणणाऱ्यांत त्यांचा आवाज मोठा होता. ते भर दुपारी माझ्या दुकानाशी आले. हातात काही काम नव्हतं, पुरुषाला फॉल-पिकोचं काय काम असणार. उंबऱ्यात उभे राहून आधी हवापाण्याचं बोलले. कपाळावर घाम होता.

"बहनजी," ते हळूच म्हणाले, "तुमचं ते निघालं, तेव्हा किती दिवस दुकान बंद राहिलं?"

"तीन महिने."

"आणि गिऱ्हाईक?"

"निम्मं गेलं."

"लोक फार बोलले असतील."

"तुम्हीही बोललात."

त्यांनी मान खाली घातली. बाहेर दोन मुली फोटो काढत होत्या, त्या जाईपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "आमच्या भट्टीखाली पण आहे. माझे वडील सांगायचे. मी पाहिलेली नाही. भट्टीवर चार कारागीर असतात."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा एक हात चौकटीवर होता आणि बोटं चौकट घट्ट धरून होती. त्यांना काय वाटतंय ते मला सांगायची गरज नव्हती. मला वाटलं, आपण म्हणावं, सांगून टाका, काही होत नाही. पण ते खरं नव्हतं. मी खरं ते सांगितलं. कुलूप लागेल, लोक बोलतील, जवळची माणसं बोलायची थांबतील, आणि घरातही जमिनीवर पाय टाकताना घाबराल. "आणि तरी सांगा," मी म्हणाले. "मी उशीर केला. माझ्या ओट्यावर एक लहान पोर झोपली होती. खाली एकच फळी उरली होती."

त्यांनी चौकटीवरचा हात काढून कपाळ पुसलं. मग विचारलं, "तुम्ही बरोबर याल?"

मी मशीनवर कापड टाकलं, चपला घातल्या. पत्र्याच्या ऑफिसकडे जायला आम्ही निघालो. वाटेत ते दोनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले ते त्यांच्याच दुकानापाशी. मला वाटलं, आता हे आत जातील आणि पुन्हा बाहेर येणार नाहीत. ते आत गेले. मी बाहेर उभी राहिले. आतून त्यांचा आवाज आला, कारागिरांना बाहेर बोलावत होते. चौघंही हात पुसत, काही न कळून रस्त्यावर आले. सगळ्यात शेवटी ते आले, भट्टीवर पाणी ओतून, धुराने डोळे चोळत.